कोपरभर झिरा

आमच्या प्रयोगशाळेत लोक पाणी घेऊन येतात ते बहुधा भीतीपोटी. विहिरीला वास यायला लागला, बोअरचं पाणी पिवळं झालं, घरात सगळ्यांची पोटं बिघडली. बाटली टेबलावर ठेवतात आणि निकाल लागेपर्यंत खुर्चीच्या कडेवर बसून राहतात. गावंडे साहेबांचं उलटं होतं. पाणी ते आणायचे आणि परीक्षा माझी घ्यायचे.

दर मंगळवारी, अकराच्या सुमारास. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या, धुऊन वाळवलेल्या बाटल्या. कधी सहा, कधी सात. प्रत्येक बाटलीच्या गळ्याला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी आणि तिच्यावर जुन्या सरकारी नकाशांवर असतं तसलं उभं, सरळ अक्षर. पहिल्या मंगळवारी मी चिठ्ठ्या वाचल्या. मेथी. पालक. कपाशी. कपाशी. कोणीच नाही.

"हे काय आहे?" मी म्हटलं. "मला नमुन्याचं ठिकाण लिहून हवं. भाजीबाजार नको."

"ठिकाण मागच्या बाजूला आहे मॅडम. पुढं माझं उत्तर आहे. या पाण्यावर काय येईल ते. मी चाखून लिहिलं. तुम्ही मशीन लावून पाहा अन् सांगा कोणाचं चुकलं."

म्हणजे हा माणूस नाल्याचं पाणी तोंडात घेऊन आला होता. मी त्यांना झापलं. जंतू, कावीळ, म्हातारपण, काहीही बाकी ठेवलं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "थुंकतो मी, गिळत नाही," एवढंच म्हणाले. मग मी मीटर लावला. बाटल्यांमधला क्षार त्यांच्या चिठ्ठ्यांच्या क्रमानं तंतोतंत चढत गेला. मेथीची बाटली सगळ्यात गोड, 'कोणीच नाही'ची जवळजवळ मिठाचं पाणी. चुकलेल्या माणसाचा मला राग येतो, पण बरोबर निघालेल्याचा जास्त येतो. त्या दिवशी मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

साहेब गेले त्याला आता दुसरा हिवाळा. मंगळवारी अकरा वाजले की माझी नजर अजून दाराकडे जाते.

पाटबंधाऱ्याच्या कामातून निवृत्त झालेले, पासष्टी ओलांडलेले, काटक. सदरा नेहमी पूर्ण बाह्यांचा. डावी बाही मनगटावर बटण लावून नीट बसवलेली आणि उजवी कोपराच्या वर गुंडाळलेली. थंडीत, लग्नात, बँकेतसुद्धा तशीच. मला वाटलं, विसरभोळेपणा असेल. तसं काही नव्हतं. हा माणूस बसचं तिकीट पाच वर्षं जपून ठेवणाऱ्यांतला होता. 'मोजल्याशिवाय बोलू नये अन् चाखल्याशिवाय मोजू नये' हे त्यांचं वाक्य. ते त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं की मी एकदा ते भिंतीवरच्या फळ्यावर लिहिलं आणि खाली लिहिलं, 'पाणी उकळून चाखावे'. ते हसले, पण पुढच्या मंगळवारी चाखूनच आले.

डबा ते आमच्याकडेच खायचे. ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी. एकदा आग्रह केला म्हणून मी घास घेतला आणि घाईघाईनं लोणच्याची बाटली शोधली. भाजीत मीठच नव्हतं. "बीपी आहे," ते म्हणाले. पुढं एकदा अमरावतीतच त्यांच्या घरी जायचा योग आला तेव्हा मी काकूंजवळ त्यांच्या बीपीची चौकशी केली.

"बीपी कोनाले? याईले?" काकू म्हणाल्या. "डाक्टर म्हनते घोड्यावानी तब्येत हाय. मीठ सोडलं त्याले लय वर्सं झाली. मी रोज दोन भाज्या करतो, एक मानसाची अन् एक याईची."

मग मी साहेबांना सरळच विचारलं. मला आडून विचारता येत नाही. साहेब नेहमी माझ्याशी जपून, ऑफिसातलं मराठी बोलायचे. त्या दिवशी पहिल्यांदा गावचं बोलले.

"माह्या वाट्याचं मीठ मी एका गावाले वाढून आलो मॅडम. आता माह्या ताटात कायले पाहिजे?"

बाहेरच्या वाचकाला इथं थोडं सांगायला हवं. अमरावती आणि अकोल्याच्या मधून पूर्णा वाहते. तिच्या दोन्ही काठांची काळी जमीन म्हणजे आमचा खारपाणपट्टा. वर सोन्यासारखी माती, खाली खारट पाणी. इथं कधीकाळी समुद्र होता असं जुने लोक सांगतात. त्या वादात मी पडत नाही, पण रोज जे पाणी माझ्या मीटरखालून जातं ते पाहता हसतही नाही. या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पाणी प्यायलं ते झिऱ्याचं. नाल्याच्या वाळूत हातानं खड्डा उकरायचा, तो हळूहळू पाझरून भरतो, वाटीनं घागर भरून घ्यायची. पण त्याला एक नियम होता. खड्डा कोपरभरच. हात वाळूत घालायचा आणि कोपर टेकलं की थांबायचं. पावसाचं गोडं पाणी वरच्या थरात तरंगत असतं, त्याच्याखाली मीठ. हावरेपणानं वीतभर जास्त उकरलं की झिरा बिघडतो, आणि मग तो बुजवून दुसरीकडे जावं लागतं. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता. सासू सुनेला सांगायची.

गावंडे साहेब मूळचे बार्शीटाकळीकडचे. "आमच्याकडं जितकं खोल जा तितकं गोड लागते," ते म्हणायचे. "मले कोन सांगनार?"

पण सांगणारी होती. दर्यापूरकडच्या एका गावात आंबी नावाचा नाला पूर्णेला मिळतो. तरुण गावंडे साहेब तिथं नाला खोल करायचं काम घेऊन गेले. पुरुषभर खोल. पाणी साठेल, विहिरी भरतील, गाव खूश. कामाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नवी लग्न होऊन आलेली एक माळ्याची सून घागर खाली ठेवून त्यांच्यासमोर उभी राहिली. कौसल्या तिचं नाव. डोक्यावरचा पदर दातात धरून म्हणाली, "साहेब, कोपराच्या खाली नका जाऊ. खाली मीठ हाय."

साहेब हसले. मजुरांकडे बघत म्हणाले, "बाई, आम्ही शिकून आलो."

ही गोष्ट त्यांनी मला निदान दहा वेळा सांगितली असेल. दर वेळी आपलं ते वाक्य न गाळता, त्याच सुरात सांगायचे. माणसं स्वतःच्या गोष्टी सांगताना असली वाक्यं हळूच विसरतात. हे विसरत नव्हते आणि मलाही विसरू देत नव्हते.

काम झालं. संगमावरच्या महादेवाच्या घाटावर गावानं शाल-नारळ देऊन सत्कार केला. पहिल्या वर्षी खोल नाल्यात खरंच पाणी दिसलं. पुढं सगळं गोडं पाणी त्या खोल चरातून भराभर पूर्णेत निघून जायला लागलं आणि उघड्या पडलेल्या तळातून खारं पाझरायला लागलं. तिसऱ्या उन्हाळ्यात काठावर पांढरा थर आला. झिरे बिघडले. संगमालगत कौसल्याबाईच्या घरची भाजीची वाडी होती. त्या पाण्यावर येणारी मेथी चार गावांत दुसरीकडे होत नव्हती आणि दर्यापूरच्या बाजारात ती टोपली उतरायच्या आत संपायची. ती वाडी गेली. साहेबांची तोवर कोकणात बदली झालेली होती. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

कोकणात त्यांच्याकडे एका खाडीचं काम आलं. खाडीच्या तोंडावर पक्की भिंत घालून समुद्राचं पाणी कायमचं बाहेर ठेवायचं, म्हणजे आतली भातशेती वाचेल असा बेत होता. तिथं जुन्या मातीच्या बांधाला उघाडी होती. उघाडी म्हणजे भरतीला बंद होणारं आणि ओहोटीला उघडणारं लाकडी दार. ते सांभाळणारा एक म्हातारा होता. साहेबांनी त्याला सांगितलं, आता तुझी सुटका झाली. म्हाताऱ्यानं त्यांना होडीत बसवलं आणि खाडीच्या मधोमध नेलं. पावसाळ्याचे दिवस होते.

"पाणी चाखा सायब," तो म्हणाला. साहेबांनी ओंजळीनं वरचं पाणी घेतलं. गोडं होतं. "आता हात घाला. बोटं नको, आख्खा हात." साहेबांनी कडेवरून वाकून कोपर बुडेपर्यंत हात घातला, खालचं पाणी मुठीत धरून वर आणलं आणि तोंडाला लावलं. खारट.

"वरती डोंगराचं, खालती दर्याचं," म्हातारा म्हणाला. "दोघांचं इथं जमलंय. मासळी ह्याच जमण्यावर वाढते. तुम्ही मध्ये भिंत घालू नका."

"होडीत बसल्या बसल्या मले घाम फुटला मॅडम," साहेब सांगायचे. "मले म्हाताऱ्याचं काही ऐकूच येईना. मले त्या सुनेचा आवाज ऐकू येऊन राहिला होता."

त्यांनी फाइलवर लिहिलं की खाडीचं तोंड बंद करू नये, जुना बांध आणि उघाड्याच दुरुस्त कराव्यात. वरिष्ठ चिडले, साहेबांची बढती रखडली, पण भिंत झाली नाही. ती खाडी आजही उघडी आहे, तिथं खेकडे आहेत, मासे आहेत आणि भातही होतो. मी याचं कौतुक करायला गेले की ते हात झटकायचे. "एक तोंड उघडं ठेवलं अन् एक फाडून ठेवलं. पहिल्यानं दुसरं शिवल्या जात नाही." उजवी बाही तेव्हापासून वर गेली होती.

निवृत्तीनंतर ते अमरावतीत राहायला आले आणि आठवड्याच्या आत एसटीनं त्या गावी गेले. शिव्या खायची तयारी करून गेले होते. पण गावानं त्यांना ओळखलंच नाही. पाणी देवानं खारं केलं, असं लोकांनी मानून घेतलं होतं. हे त्यांना सोसेना. ग्रामसभेत उभे राहून त्यांनी सांगितलं, देवानं नाही, मी केलं. लोक अवघडून गेले. कोणी म्हणालं, जाऊ द्या साहेब, झालं ते झालं. फक्त मागच्या रांगेतली एक बाई उठून बाहेर गेली. केस पांढरे झालेले, पदर तसाच दातात. कौसल्याबाईनं ओळखलं होतं.

त्या दिवसापासून ती त्यांच्याशी बोलली नाही. म्हणजे बोलायची भरपूर, पण त्यांच्याशी नाही. साहेब समोर असले की ती बकरीशी बोलायची, म्हशीशी बोलायची, घाटाच्या पायरीशी बोलायची. मी जायला लागले तेव्हा मधली जागा मला मिळाली.

साहेबांचा बेत सोपा होता आणि ऐकणाऱ्याला वेडसर वाटेल असा होता. नाला बुजवायचा. सगळा नव्हे, पूर्वी होता तितका. महादेवाच्या घाटाची शेवटची पायरी पूर्वी वाळूला टेकलेली असायची. आता तिच्याखाली साहेब उभे राहिले की ती त्यांच्या डोक्याला लागायची. गाळ त्या पायरीपर्यंत चढला की गोडं पाणी पुन्हा खाऱ्याच्या वर राहील, झिरे परत येतील, मेथी परत येईल. यंत्रानं माती आणून टाकली तर पहिल्या पुरात वाहून जाईल, म्हणून पुराकडूनच गाळ घ्यायचा. त्यासाठी पऱ्हाटी. कापूस वेचून झाला की शेतात वाळकी झाडं उरतात ती. आमच्याकडे लोक ती चुलीला लावतात नाहीतर धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पेटवून देतात. साहेब शेतोशेती हिंडून पऱ्हाटीचे भारे मागायला लागले. गावात मजा झाली. "सरकारनं खंदलं अन् सरकारच बुजून राह्यलं," असं लोक म्हणायचे.

पहिल्या वर्षी त्यांनी नाल्यात बाभळीचे खुंट ठोकून भाऱ्यांचे आडवे बांध घातले. छातीएवढे. इंजिनिअरचा हात, दुसरं काय होणार. श्रावणातल्या एका पुरात सगळं गेलं. "खाडीपर्यंत पोचलं असेल आता," साहेब मला म्हणाले. पूर्णेचं पाणी तापीतून समुद्राला जातं हे खरं, पण मला त्या दिवशी हसू आलं नाही. त्यांचे दोन्ही तळहात सोललेले होते.

दुसऱ्या वर्षी पुन्हा छातीएवढे, खुंट जास्त खोल. पुन्हा गेले. तिसऱ्या वर्षी ते मला नाला दाखवायला घेऊन गेले. मी शहरी चपला घालून गेले आणि काळ्या चिखलात एक चप्पल कायमची ठेवून आले. साहेब कंबरेइतक्या भाऱ्यावर आणखी भारा चढवत होते. काठावर कौसल्याबाई बकरीला पाला घालत उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, सांगा तुमच्या साहेबाले," ती म्हणाली. साहेब दहा हातांवर होते. "छातीएवढं घालून राह्यले. वाहून नाई जाईन त काय होईन? कोपरभर घालाव म्हना. गाळ बसला का त्याच्यावर आनखी कोपरभर. पानी कोनाची छाती पाह्यत नसते."

मी सांगायला वळले तर साहेब हातातला भारा धरून तसेच उभे होते. एकदा हसण्यावारी नेलेला कोपरभराचा नियम ते दोन वर्षं पुन्हा मोडत होते, आणि ते त्यांना माझ्या आधी कळलं होतं. त्यांनी वरचे भारे उतरवले. उजवा हात जमिनीवर उभा टेकवला आणि कोपरापाशी खुंटाला खूण केली.

त्या वर्षीचे बांध राहिले. त्यांच्यामागे वीतभर गाळ बसला. साहेबांनी त्या गाळात लव्हाळा लावला, वाळा लावला. पुढच्या वर्षी त्याच्यावर पुन्हा कोपरभर. वर्षाला एक थर, कधी अर्धा, आणि मोठ्या पुराच्या वर्षी वजा एक. मंगळवारच्या बाटल्यांवर 'कोणीच नाही'ची चिठ्ठी कमी होत गेली. संगमाच्या डोहात बोटाएवढे मासे दिसायला लागले, त्यांच्यामागं बगळे आले, लव्हाळ्यात पाणकोंबडीनं घर केलं. गावातल्या पाचसहा बाया पऱ्हाटीचे भारे स्वतः आणून टाकायला लागल्या. मी विचारायचे, "साहेब, मेथी कधी?" ते घाटाकडे बघून म्हणायचे, "तीन पायऱ्याएवढं राह्यलं." ते पायऱ्या मोजायचे, मी बाटल्या, आणि कौसल्याबाई काय मोजायची ते ती बकरीला सांगायची.

एका मंगळवारी अकरा वाजले, साडेअकरा वाजले, साहेब आले नाहीत. मग फोन आला. "मॅडम, आज बाटल्या येनार नाई. तुमी या. मीटर घेऊन या."

मी पोचले तेव्हा नाल्यात जेसीबी उतरलेला होता. त्याच्या दातांना हळद-कुंकू, समोर फुटका नारळ. गावाला नाला खोलीकरणाचं काम मंजूर झालं होतं. साहेब घाटासमोर, यंत्राच्या अगदी पुढ्यात, गाळात पाय रोवून उभे होते. सरपंच तरुण होता, वाईट माणूस नव्हता. गावाला पाणी हवं होतं आणि त्याला ते मनापासून द्यायचं होतं.

"साहेब," तो म्हणाला, "तुमी खंदलं तवा गावानं तुमाले शाल-नारळ देल्लं. आता आमी खंदून राह्यलो त तुमी आडवे कावून येता?"

"तवा मी हसलो होतो, म्हनून येतो."

सरपंचाला ते कळलं नाही. "पाय काढा साहेब. मशीन तासावर हाय."

"पाय नाई काढनार."

"साहेब, पाय काढा."

"काढनार नाई म्हनलं ना बापा. माह्यावरून घाल."

मी पुढं झाले, मीटर काढला, क्षाराबद्दल बोलायला लागले. कोणी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पंधरा वर्षांची माझी नोकरी आणि माझी मीटरची पेटी, दोन्ही त्या चिखलात निकामी ठरली. तेवढ्यात कौसल्याबाई काठावरून खाली उतरली. हातात वाटी. ती साहेबांच्या शेजारून गेली, त्यांच्याकडे न बघता खाली बसली आणि त्या नव्या गाळवाळूत हातानं उकरायला लागली. कोपर टेकलं तशी ती थांबली. झिरा भरायला वेळ लागतो. तेवढा वेळ जेसीबीचा ड्रायव्हरही इंजिन बंद करून बघत बसला. मग तिनं वाटी भरली आणि त्यालाच दिली. तो बाहेरच्या राज्यातला, तहानेलेला. गटागटा प्यायला.

ती पुन्हा खाली बसली आणि त्याच खड्ड्यात आणखी हातभर उकरलं. दुसरी वाटीही त्यालाच दिली. त्यानं घोट घेतला आणि थुंकला. "ये तो पूरा नमक है," तो म्हणाला आणि दुसऱ्याच कोणाकडे तरी पाणी मागायला लागला.

कौसल्याबाईनं वाटी सरपंचापुढं धरली. "आता तू पे," ती म्हणाली. "अन् सांग आमाले, कितीक खोल जाचं."

सरपंचानं वाटी घेतली नाही. त्यानं ड्रायव्हरला हातानं वर जायची खूण केली. जेसीबी वर चढला आणि गावाबाहेरच्या रस्त्याच्या कामाला गेला. पण सरपंच जाता जाता म्हणाला, साहेब या गावचे रहिवासी नाहीत, पुढच्या वेळी यांना बोलायचा हक्क नाही. साहेबांना ते बरोबर वाटलं. त्याच महिन्यात त्यांनी देवळामागची एक खोली भाड्यानं घेतली आणि गावच्या मतदार यादीत नाव लावून घेतलं. काकू म्हणाल्या, "म्हातारपनी दोन संसार केले याईनं." मग त्याही दर शुक्रवारी जायला लागल्या, सोबत अळणी भाजीचा डबा घेऊन.

गेल्याच्या गेल्या दिवाळीत गाळ शेवटच्या पायरीला टेकला. साहेबांनी फोनवर फक्त "टेकला" एवढंच सांगितलं आणि ठेवून दिला. मला रडू आलं. मी सहसा रडत नाही.

संक्रांतीच्या आठवडाभर आधी ते मला मुद्दाम घेऊन गेले. त्या दिवसांत त्यांना धाप लागायची. बसस्टँडपासून नाल्यापर्यंत ते तीनदा थांबले आणि तिन्ही वेळा मला काहीतरी दाखवण्याचं निमित्त केलं. एकदा पाणकोंबडी, एकदा कोणाची तरी नवी विहीर, तिसऱ्यांदा दाखवायला काहीच सापडलं नाही तेव्हा नुसते उभे राहिले. उजवी बाही वर होती. हात बराच वाळलेला होता.

संगमालगतच्या त्या जुन्या वाडीत कौसल्याबाईनं एकच वाफा धरला होता. पलंगाएवढा. शेजारी कोपरभर झिरा, त्यात वाटी. आणि वाफ्यात दोन-दोन पानांवर आलेली मेथी.

मी बांधावरच थांबले. साहेब थांबले नाहीत. मला वाटतं, त्यांना आजूबाजूचं काही दिसतच नव्हतं. ते चपलांसकट सरळ चालत गेले, वाफ्याच्या मधोमध उभे राहिले आणि पान तोडायला वाकले. त्यांना चाखून पाहायचं होतं.

कौसल्याबाई झिऱ्याजवळ बसली होती. तिनं बकरीकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही पाहिलं नाही.

"साहेब," ती म्हणाली, "वाफ्यातून पाय काढा."

साहेब वाकलेले होते तसेच राहिले. एवढ्या वर्षांत तिनं त्यांना स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं हे दुसरं वाक्य होतं. पहिलं ऐकून ते हसले होते.

गावंडे साहेबांनी पाय काढला.